सीपॅनेलमधला स्पॅम फिल्टर : दिवाळीपासून पावसाळ्यापर्यंत वापरल्यावर

आधी निकाल सांगतो. होस्टिंगसोबत, म्हणजे वेबसाइट आणि मेलसाठी भाड्याने घेतलेल्या सर्व्हरच्या जागेसोबत, फुकट येणारा स्पॅमअसॅसिन हा फिल्टर छोट्या कंपनीला पुरतो, पण मिळाला तसाच ठेवला तर पुरत नाही. आणि सीपॅनेलमध्ये, म्हणजे होस्टिंग सांभाळायच्या पॅनेलमध्ये, त्याच्या पानावर स्पॅम आपोआप डिलीट करण्याचं जे बटण आहे, ते धंद्याच्या खात्यावर कधीही चालू करू नका. ही दुसरी गोष्ट पटवून देण्यासाठीच खरं तर एवढं लिहायला बसलो आहे.

आमचं हिंगणा एमआयडीसीत फॅब्रिकेशनचं युनिट आहे. कन्व्हेयरचे रोलर, च्यूट, फ्रेम असा माल. गिऱ्हाईक म्हणजे कोळसा खाणी, वीज केंद्रं आणि बुटीबोरीकडचे कारखाने. स्वतःचं डोमेन, शेअर्ड होस्टिंग (एकच सर्व्हर अनेकांत वाटलेला), दहाबारा मेल खाती. त्यासाठी वेगळा माणूस ठेवण्याएवढे आम्ही मोठे नाही, म्हणून मेलचं सगळं माझ्याकडे. दिवाळीच्या सुट्टीनंतर कारखाना उघडला तेव्हा सेल्सच्या खात्यात खऱ्या चौकश्या शोधायला अर्धा दिवस गेला. तेव्हाच ठरवलं की हे आता नीट लावायचं.

येणारा कचरा साधारण चार प्रकारचा होता. तुमची वेबसाइट गुगलच्या पहिल्या पानावर आणून देतो म्हणणारे. बेअरिंग आणि बेल्ट विकणारे परदेशी पुरवठादार. 'तुमचा मेलबॉक्स भरला आहे, पासवर्ड टाकून जागा वाढवा' म्हणणारे. आणि 'पेमेंट स्लिप सोबत जोडली आहे' असं सांगून झिप किंवा एचटीएमएल फाइल चिकटवणारे. पहिले दोन नुसते डोकं खातात. शेवटचे दोन धोक्याचे, कारण आमच्या अकाउंट्सच्या ताई दिवसभर पेमेंट स्लिपाच उघडतात. त्यांचं कामच ते आहे, त्यांना 'अनोळखी फाइल उघडू नका' सांगून काय उपयोग?

स्पॅमअसॅसिन २००१ सालचा आहे. जस्टिन मेसन यांनी तो सुरू केला आणि २००४ पासून तो अपाचे फाउंडेशनकडे आहे. पद्धत अशी की प्रत्येक मेलवर शेकडो नियम चालवायचे, जो नियम लागू होईल त्याचे गुण द्यायचे किंवा कापायचे, आणि बेरीज ५ वर गेली की स्पॅमचा शिक्का मारायचा. हा ५ चा आकडा बदलता येतो. शिक्का मारलेल्या मेलचं काय करायचं, हे मात्र आपल्या हातात. इनबॉक्समध्येच राहू द्या, वेगळ्या फोल्डरमध्ये टाका किंवा डिलीट करा. आम्ही वेगळं फोल्डर निवडलं.

ते किती बरं झालं हे डिसेंबरात कळलं. चंद्रपूरकडच्या एका खाणीच्या खरेदी विभागाची चौकशी येणार होती. तिथल्या साहेबांनी फोनवर सांगितलं की मेल पाठवला आहे. आमचे स्टोअरचे काका दोनदा येऊन म्हणाले, "भाऊ, त्याहीचा मेल येऊनच नाही राहिला जी." मेल स्पॅम फोल्डरमध्ये पडला होता. मी त्याचं हेडर, म्हणजे मेलसोबत येणारी लपलेली तांत्रिक नोंद, उघडलं. एक्स-स्पॅम-स्टेटस नावाची ओळ असते, तिच्यात बेरीज आणि लागलेल्या नियमांची नावं येतात. बेरीज ५.८. विषय सगळा कॅपिटल अक्षरांत. मजकूर जवळजवळ रिकामा, फक्त स्कॅन केलेली पीडीएफ. पाठवणाऱ्या सर्व्हरच्या आयपीला (नंबरी पत्त्याला) रिव्हर्स डीएनएस नाही, म्हणजे त्या पत्त्यावरून सर्व्हरचं नाव निघत नाही. उत्तर द्यायचा पत्ता मात्र साहेबांचा स्वतःचा जीमेल. एकेक गोष्ट किरकोळ आहे, पण सगळ्या मिळून मेल रेषेपलीकडे गेला. आपल्याकडचं निम्मं सरकारी आणि निमसरकारी खरेदीखातं असाच मेल पाठवतं. आपोआप डिलीट चालू असतं तर ती चौकशी आम्हाला कधी दिसलीच नसती, आणि पाठवणाऱ्यालाही परत काही कळलं नसतं. शंभर कचरा मेल हाताने उडवायला दहा मिनिटं लागतात. एक चौकशी हरवली तर वर्षाचं काम जातं. आता सेल्सचा मुलगा सकाळी आल्यावर आधी ते फोल्डर चाळतो, मग इनबॉक्स.

काकांना मेल दिसत नव्हता याचं आणखी एक कारण होतं आणि ते बऱ्याच ऑफिसांत असेल. त्यांचा आऊटलूक पॉप३ या मेल उतरवायच्या जुन्या पद्धतीवर लावलेला होता. पॉप३ फक्त इनबॉक्स उतरवतो, बाकी फोल्डर सर्व्हरवरच राहतात. म्हणजे फिल्टर मेल बाजूला काढतो आणि माणसाला तो कुठेच दिसत नाही. फिल्टर चालू करण्याआधी प्रत्येकाचं खातं आयमॅपवर, म्हणजे सर्व्हरवरचे सगळे फोल्डर दाखवणाऱ्या पद्धतीवर, नेणं हे पहिलं काम आहे. जागा जास्त लागते, पण फोनवर आणि कॉम्प्युटरवर सारखंच दिसतं.

सगळ्यात जास्त कचरा कशाने कमी झाला म्हणाल, तर त्याचा स्पॅमअसॅसिनशी काही संबंध नाही. सीपॅनेलमध्ये डिफॉल्ट ॲड्रेस नावाची सेटिंग असते. आपल्या डोमेनवर अस्तित्वात नसलेल्या नावाने मेल आला तर त्याचं काय करायचं, हे तिथे ठरतं. आमचं होस्टिंग ज्यांनी लावून दिलं होतं, त्यांनी ते सगळे मेल मुख्य खात्यात येतील असं ठेवलं होतं. स्पॅम पाठवणारे एखाद्या डोमेनवर ॲडमिन, एचआर, सपोर्ट, जॉन अशी मनातली नावं टाकून बघतात, आणि ते सगळं आमच्याकडे येत होतं. तिथे 'एररसह परत करा' हा पर्याय निवडला. गिऱ्हाईकाने पत्ता चुकवला तर त्याला लगेच कळतं आणि कचरा दारातच अडतो. शेजारीच गुपचूप फेकून देण्याचा पर्याय आहे, तो घेऊ नका, कारण त्यात चुकलेल्या माणसाला पत्ताच लागत नाही.

आता एक थोडी तांत्रिक गोष्ट, पण तिच्यासाठी मी होस्टिंगवाल्यांशी बराच काळ भांडलो म्हणून सविस्तर सांगतो. फेब्रुवारीपर्यंत फिल्टर बरा चालत होता, पण उघड उघड फसव्या लिंक असलेले मेल बिनधास्त इनबॉक्समध्ये येत होते. बेरीज दोन, अडीच. हेडरमध्ये प्रत्येक वेळी एक नाव दिसायचं, यूआरआयबीएल ब्लॉक्ड. गुण जवळजवळ शून्य, म्हणून आधी लक्ष गेलं नाही. त्याचा अर्थ असा की मेलमधल्या लिंक कुप्रसिद्ध आहेत का, हे विचारायला स्पॅमअसॅसिन ज्या यादीकडे जातो, त्या यादीने उत्तर द्यायला नकार दिला आहे. या याद्या डीएनएसवरून (इंटरनेटवरच्या नावांचे पत्ते सांगणाऱ्या यंत्रणेवरून) विचारल्या जातात आणि ठरावीक मर्यादेपर्यंतच फुकट असतात. सर्व्हर स्वतः न विचारता एखाद्या मोठ्या सार्वजनिक डीएनएसमार्फत विचारत असेल, तर यादीला जगभरचे प्रश्न एकाच पत्त्यावरून आलेले दिसतात आणि ती दार बंद करते. स्पॅमहाउस या स्पॅमवाल्यांची नोंद ठेवणाऱ्या संस्थेच्या याद्यांचंही तसंच आहे. फिल्टर चालू दिसतो, पण त्याचा एक डोळा बंद असतो.

शेअर्ड होस्टिंगवर हे आपल्याला दुरुस्त करता येत नाही, सर्व्हरवाल्यानेच स्वतःचा रिझॉल्व्हर (डीएनएसला प्रश्न विचारणारा प्रोग्राम) लावावा लागतो. सपोर्टने आधी 'स्पॅम फिल्टर चालू आहे' असंच उत्तर दिलं. मग मी हेडरची ती ओळ चिकटवून, सर्व्हर कोणता डीएनएस वापरतो एवढा एकच प्रश्न विचारत राहिलो. शेवटी त्यांनी बदल केला आणि त्याच आठवड्यात फरक दिसला. तुमच्याकडे फिल्टर लंगडत असेल तर आधी हेडरमध्ये हे नाव शोधा.

शिकणाऱ्या भागाबद्दल लोक कमी बोलतात. स्पॅमअसॅसिनमध्ये बेज नावाची यंत्रणा आहे. अठराव्या शतकातले थॉमस बेज यांच्या संभाव्यतेच्या सूत्रावर ती उभी आहे. तुमच्या खऱ्या मेलमध्ये कोणते शब्द येतात आणि कचऱ्यात कोणते, याचा ती हिशेब ठेवते. पण निदान २०० स्पॅम आणि २०० चांगले मेल शिकवल्याशिवाय ती तोंडच उघडत नाही. बहुतेक लोक फक्त स्पॅम शिकवतात, चांगले मेल शिकवतच नाहीत, म्हणून ती गप्प राहते. सीपॅनेलच्या क्रॉन जॉबमध्ये (ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामांत) एसए-लर्न ही शिकवायची आज्ञा रोज रात्री चालेल अशी लावली. एक फोल्डर स्पॅमचं, एक हाताने निवडलेल्या चांगल्या मेलचं. रोलर, आयडलर, जीएसटी, ई-वे बिल, डिस्पॅच हे शब्द आमच्या मेलमध्ये रोजचे आहेत. महिना-दीड महिन्यात त्यांचा भाव वाढला आणि खाणींचे ते कॅपिटल अक्षरांतले मेल आपोआप रेषेखाली यायला लागले. बेज खात्रीने चांगला म्हणाला की जवळजवळ दोन गुण कापले जातात, तेवढं पुरतं.

मराठी मेलचं काय होईल ही मला काळजी होती. आमच्या काही वाहतूकदारांचे आणि एका पतसंस्थेचे मेल देवनागरीत येतात. स्पॅमअसॅसिनची ४.० ही आवृत्ती २०२२ च्या डिसेंबरात आली आणि तिच्यात इंग्रजीबाहेरच्या भाषांचा मजकूर हाताळणं बरंच सुधारलं. आपल्या सर्व्हरवर कोणती आवृत्ती आहे हे हेडरमध्येच लिहिलेलं असतं. जुनी असेल तर आग्रह धरा. आमच्याकडे देवनागरी मेल स्पॅममध्ये जाण्याचा त्रास झाला नाही.

व्हाइटलिस्टबद्दल, म्हणजे नेहमी आत सोडायच्या पत्त्यांच्या यादीबद्दल, एकच ताकीद. स्वतःचं डोमेन त्यात घालू नका. कोणीतरी हा सल्ला देतंच, 'आपले मेल आपल्यालाच स्पॅममध्ये जातात ना, मग घालून टाका.' व्हाइटलिस्टमधल्या पत्त्याला थेट उणे १०० गुण मिळतात आणि पाठवणाऱ्याचा पत्ता खोटा लिहिणं अगदी सोपं आहे. म्हणजे तुमच्याच मालकाच्या नावाने आलेला बनावट मेल फिल्टर सलाम ठोकून आत सोडेल.

ग्रेलिस्टिंगही वापरून पाहिलं. अनोळखी सर्व्हरला 'थोड्या वेळाने या' सांगायचं. खरा सर्व्हर परत येतो, स्पॅमवाला बहुतेक वेळा येत नाही. कल्पना चांगली, पण बँकेचे आणि पोर्टलचे ओटीपी अडकायला लागले. काही मोठ्या सेवा दुसऱ्या खेपेला वेगळ्याच आयपीवरून येतात आणि पुन्हा थांबवल्या जातात. रिटर्न भरायच्या दिवशी अकाउंट्सच्या ताई ओटीपीची वाट बघत बसल्या, त्या संध्याकाळी ते बंद केलं.

बाहेर जाणाऱ्या मेलची बाजू मी मार्चमध्ये हातात घेतली, कारण आमची कोटेशनं गिऱ्हाइकांच्या स्पॅममध्ये पडत होती. एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क या तीन डीएनएस नोंदी. पहिली सांगते की आपल्या नावाने कोणते सर्व्हर मेल पाठवू शकतात, दुसरी मेलवरची डिजिटल सही तपासायला लागते, आणि तिसरी सांगते की या तपासण्यांत नापास झालेल्या मेलचं काय करायचं. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल प्रत्येक पाठवणाऱ्याकडून एसपीएफ किंवा डीकेआयएम मागतं, आणि दिवसाला ५००० वर मेल पाठवणाऱ्यांकडून तिन्ही. सीपॅनेलच्या ईमेल डिलिव्हरेबिलिटी पानावर पहिल्या दोन नोंदी बसल्या आहेत की नाही ते दिसतं. एसपीएफची नोंद डोमेनला एकच असते. दोन झाल्या तर दोन्ही निकामी. तिच्यात डीएनएस विचारणा दहापेक्षा जास्त झाल्या तरी तेच. डीमार्क आधी नुसत्या देखरेखीवर ठेवा आणि येणारे अहवाल वाचा. आमच्या अहवालांत वेबसाइटचा चौकशी फॉर्म पकडला गेला. तो मेल पाठवताना प्रेषक म्हणून भरणाऱ्याचाच पत्ता लावत होता, म्हणजे आमचाच सर्व्हर रोज परक्याच्या नावाने मेल पाठवत होता. प्रेषक आमचा पत्ता आणि उत्तराचा पत्ता भरणाऱ्याचा, असं करून घेतलं. मग डीमार्क क्वारंटाइनवर, म्हणजे नापास मेल स्पॅममध्ये टाका असं सांगणाऱ्या पातळीवर, नेला.

फिल्टरला जमत नाही असंही आहे. पुरवठादाराचं खातं खरोखर हॅक होऊन तिथून 'आमचं बँक खातं बदललं' असा मेल आला, तर एसपीएफ पास, डीकेआयएम पास, भाषा ओळखीची, बेजही खूश. आमच्या ओळीतल्या एका युनिटचे पैसे असेच गेले. म्हणून आमच्याकडे नियम केला आहे. खातं बदलल्याचा मेल आला की जुन्या बिलावरच्या नंबरवर फोन करायचा, मेलमधल्या नंबरवर नाही, आणि मालकांनी हो म्हटल्याशिवाय पैसे सोडायचे नाहीत. पैसे गेलेच तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच फोन करायचा, बँकेत जाऊन रांग लावण्याआधी.

पीडीएफमध्ये क्यूआर कोड टाकून येणारे मेलही निसटतात, कारण आमच्या होस्टिंगवरचा फिल्टर चित्र वाचत नाही. उन्हाळ्यापासून ते वाढले आहेत. सध्या अकाउंट्सच्या तिघांना एवढंच सांगितलं आहे की मेलमधला क्यूआर फोनने स्कॅन करायचा नाही, कोणाचाही असो.

होस्टिंगचं नूतनीकरण जूनमध्ये केलं, त्याच योजनेवर. खात्यामागे महिन्याला पैसे घेणाऱ्या मोठ्या सेवेकडे जायचा विचार होता. तिथले फिल्टर जास्त हुशार आहेत हे मान्य आहे, आणि तुमच्याकडे रोज फोल्डर बघायला कोणी नसेल तर तिकडेच जा. आमच्याकडे सेल्सचा मुलगा आहे, क्रॉन चालू आहे, डीएनएस सुधारला आहे. पाच पैकी चार देतो. कापलेला एक गुण त्या डिलीटच्या बटणाचा. ते नेमकं फोल्डरच्या बटणाशेजारी ठेवलं आहे, आणि नवीन माणूस तेच आधी दाबतो.