ऐपत नसलेल्यांना वकील देणारी न्यूयॉर्कची योजना

अमेरिकेत डिपोर्टेशनच्या केसमध्ये वकील करता येतो, पण सरकार फी देत नाही. न्यूयॉर्क शहराच्या पैशातून २०१३ साली सुरू झालेला ‘इमिग्रंट फॅमिली युनिटी प्रोजेक्ट’ कोठडीतल्या गरिबांना मोफत वकील देतो. फार मोलाचं काम!

नातेवाइकांनी नऊ अंकी ए-नंबर (इमिग्रेशन खात्याने परदेशी व्यक्तीला दिलेला ओळख क्रमांक) आणि जन्मदेश तयार ठेवावा. नावावरून शोधलं तर आइसच्या (इमिग्रेशन कायद्याखाली लोकांना पकडून कोठडीत ठेवणाऱ्या केंद्रीय खात्याच्या) ऑनलाइन यादीत एका अक्षराच्या फरकानेही माणूस सापडत नाही. इमिग्रेशन कोर्टात वकिलाची नोंद ईओआयआर-२८ नावाच्या फॉर्मने होते. ती जामिनाच्या सुनावणीसाठीही आहे का, हे जरूर विचारा. मोठी अडचण बदलीची. माणूस दूरच्या राज्यात हलवला की केसही तिकडे जाऊ शकते, म्हणून पहिल्याच दिवशी संपर्क साधा. तोवर कशावरही सही नको.