सद्धानुसारी की धम्मानुसारी?

'डोळा अनित्य आहे, बदलणारा आहे.' संयुत्त निकायात, म्हणजे बुद्धाच्या उपदेशांच्या एका पाली संग्रहात, ही एकच गोष्ट दोन प्रकारच्या साधकांपुढे ठेवलीय. सद्धानुसारी, म्हणजे श्रद्धेच्या वाटेने जाणारा, तिच्यावर विश्वास टाकून चालू लागतो. धम्मानुसारी, म्हणजे धम्म समजून घेत जाणारा, ती आधी मनात घोळवतो, पारखतो. काही अंशी पटली की मग पाऊल उचलतो. मला दुसरा जवळचा वाटतो, कारण माझं मन 'पण' म्हटल्याशिवाय पुढे सरकतच नाही. (शंकासुर म्हणा हवं तर.) मात्र पारखणं वेगळं, विचिकिच्छा, म्हणजे अडवून ठेवणारी शंका, वेगळी. तिच्यात माणूस फाट्यावर नुसता उभा राहतो, ना ही वाट ना ती. गंमत म्हणजे सुत्त दोघांत डावं-उजवं करत नाही: सोतापत्तीचं, म्हणजे निर्वाणाकडे नेणाऱ्या प्रवाहात शिरण्याचं, फळ हाती आल्याशिवाय दोघांपैकी कुणालाच मरण येत नाही. विचिकिच्छा मुळासकट तुटते ती सोतापन्न झाल्यावरच, म्हणजे त्या प्रवाहात शिरल्यावरच; सक्कायदिट्ठी (देह-मनालाच 'मी' मानणं) आणि सीलब्बतपरामास (व्रत-कर्मकांडांना चिकटून राहणं) यांच्याबरोबर.