टॅली प्राइममधील ‘रिऑर्डर लेव्हल’ : कृषी सेवा केंद्राच्या साठ्याच्या कसोटीवर

टॅली प्राइम ही हिशेबाची संगणकप्रणाली बहुतेक दुकानदार जीएसटीच्या बिलांसाठी आणि उधारीच्या खात्यांसाठी घेतात. त्यातील साठ्याचा भाग मात्र अनेक ठिकाणी वर्षानुवर्षे न उघडता पडून असतो. मराठवाड्यातील एका कृषी सेवा केंद्राच्या हिशेबात ही प्रणाली रोज वापरताना माझे मत असे झाले आहे की, आमच्या धंद्यापुरते बोलायचे तर तिचा खरा उपयोग याच भागात आहे. हा अभिप्राय त्यामुळे ‘रिऑर्डर लेव्हल’ (साठा ज्या आकड्याखाली गेला की नवा माल मागवायचा, ती पातळी) आणि बॅचनिहाय साठा (प्रत्येक लॉटचा माल वेगळा नोंदवणे) या दोनच सोयींपुरता ठेवला आहे.

आमच्या धंद्यात माल कमी पडणे आणि जास्त पडणे या दोन्हींची किंमत मोठी असते. पुरेसा पाऊस झाला आणि जमिनीला वापसा आला की पेरणीला मोजकेच दिवस मिळतात. त्या दिवसांत सोयाबीनची बॅग नसेल तर शेतकरी शेजारच्या दुकानात जातो, आणि पुढची खते व औषधेही बहुधा तिथूनच घेतो. उलट, पेरणी संपल्यावर उरलेली बॅग पुढच्या खरिपापर्यंत सांभाळता येत नाही, कारण सोयाबीनचे टरफल पातळ असते, उगवणशक्ती लवकर घटते आणि बियाण्याला किमान ७० टक्के उगवण लागते. कीटकनाशकांची मुदत संपली की ती ‘विक्रीसाठी नाही’ असा शिक्का मारून वेगळी ठेवावी लागतात. त्यांत अडकलेला पैसा जवळजवळ गेल्यातच जमा असतो.

टॅलीतील ‘रिऑर्डर स्टेटस’ हा अहवाल या दोन टोकांमधला हिशेब करतो, आणि तो नुसती शिल्लक पाहून थांबत नाही. समजा, १९:१९:१९ या विद्राव्य खताच्या ४० बॅगा गोडाऊनमध्ये आहेत, २० बॅगांची खरेदी ऑर्डर दिलेली आहे पण गाडी यायची आहे, आणि १५ बॅगा ग्राहकांनी आधीच सांगून ठेवल्या आहेत. अशा वेळी प्रत्यक्ष उपलब्ध साठा ४५ धरला जातो. रिऑर्डर पातळी ६० ठेवलेली असेल तर तूट १५ दिसते. पण होलसेलरकडून एका वेळी किमान २५ बॅगा घ्याव्या लागतात, ही अट आधी भरून ठेवली असेल तर मागवायचा आकडा २५ येतो. वाटेत असलेला माल विसरून पुन्हा तीच ऑर्डर टाकणे ही दुकानांतली नेहमीची गफलत आहे, आणि ती टाळण्यासाठी एवढा एक अहवाल पुरेसा आहे. अर्थात, फोनवर सांगितलेली ऑर्डरही प्रणालीत नोंदवण्याची शिस्त त्यासाठी पाळावी लागते.

ही पातळी दोन प्रकारे ठरवता येते. एक, थेट ठरावीक नग भरणे. दुसरे, मागच्या ठरावीक काळातील खपावरून ती काढू देणे. दुसऱ्या प्रकारात खपाचा आकडा आणि आपण दिलेला आकडा यांपैकी मोठा घ्यायचा की लहान, हेही निवडता येते. ही निवड फार थोडे लोक जाणीवपूर्वक करतात. ठिबकवर वर्षभर चालणाऱ्या विद्राव्य खतांना ‘मोठा’ ठेवावा, म्हणजे खप मंदावला तरी किमान साठा राहतो. महाग आणि कमी मुदतीच्या औषधांना ‘लहान’ ठेवावा, म्हणजे एखाद्या महिन्यात अळीमुळे विक्री वाढली तरी प्रणाली त्या तेजीच्या मागे धावत नाही.

हंगामी मालाला मात्र खपावर आधारलेली पातळी लावू नये, असे मी ठामपणे सांगेन. मे महिन्यात सोयाबीन बियाण्याचा मागचा खप जवळपास शून्य असतो, म्हणून नेमक्या साठा करण्याच्या वेळी अहवाल गप्प बसतो. जुलैच्या उत्तरार्धात पेरणी उरकलेली असते, पण मागच्या दोन महिन्यांचा खप प्रचंड दिसतो आणि अहवाल बॅगा मागवायला सांगतो. हा प्रणालीचा दोष नव्हे. ती मागे वळून पाहते, आणि आमची मागणी पावसाबरोबर येते. बियाण्यासाठी ठरावीक नगच भरावेत, ते हंगामाआधी गेल्या काही वर्षांची विक्री आणि परिसरातील पीकबदल पाहून ठरवावेत, आणि पेरणी आटोपताच शून्यावर आणावेत. पातळ्या एकेका वस्तूला न भरता संपूर्ण गटाला एकाच पडद्यावर भरता येतात, त्यामुळे या कामाला फार वेळ लागत नाही.

बॅचची सोय तितकीच महत्त्वाची आहे. वस्तूच्या मास्टरमध्ये, म्हणजे तिच्या मूळ नोंदीत, बॅच आणि एक्स्पायरी चालू केल्यावर बिल करताना कोणत्या लॉटची मुदत कधी संपते ते समोर दिसते. मात्र योग्य लॉट निवडणे काउंटरवरच्या माणसाच्याच हातात राहते, म्हणून जुना माल पुढे मांडण्याची सवय दुकानात हवीच. साठ्याचे वय दाखवणारा अहवाल दर महिन्याला काढला तर पडून राहिलेला माल वेळेवर कळतो आणि कंपनीची परत घेण्याची मुदत असेपर्यंत तो परत करता येतो.

युरिया, डीएपी यांसारख्या अनुदानित खतांचा प्रश्न वेगळा आहे. त्यांची विक्री शासनाच्या पॉस (विक्री नोंदवणाऱ्या) यंत्रावर आधार पडताळणीने होते, आणि ती नोंद टॅलीत आपोआप उतरत नाही. दोन्हीकडे नोंद करून रोज संध्याकाळी तीन आकडे, म्हणजे पॉस, टॅली आणि प्रत्यक्ष गोण्या, जुळवावे लागतात. तपासणीला येणारे अधिकारी पॉसवरचा साठा आणि गोडाऊनमधला साठा ताडून पाहतात, त्यामुळे यात हलगर्जी परवडत नाही. शिवाय या खतांचा पुरवठा वाटपावर ठरतो. आपण ६० गोण्या मागितल्या म्हणून ६० मिळत नाहीत, आणि काही वेळा त्यांच्यासोबत नको असलेला माल गळ्यात मारला जातो. शेतकऱ्याला आणि दुकानदाराला सारखेच नाडणारी ही लिंकिंगची पद्धत बंदच व्हायला हवी. तोवर असा माल वेगळ्या गटात नोंदवावा, म्हणजे खतामागे त्यात किती पैसा अडकला ते निदान स्पष्ट दिसते.

एकाच संगणकावर बिले होत असतील तर सिल्व्हर आवृत्ती पुरते. दुकान आणि गोडाऊन या दोन्ही ठिकाणांहून एकाच वेळी नोंदी करायच्या असतील तर गोल्ड घ्यावी, कारण गोडाऊनमधून निघालेल्या मालाची नोंद संध्याकाळी एकदम केली तर ऐन हंगामात दिवसभर दिसणारी शिल्लक चुकीची ठरते.