रोजनिशी, कादंबरी की लघुकथा? सातवी-आठवीला कठीण इतिहास शिकवताना

छळ, कत्तल, फाळणी, जातीची अमानुषता. हे विषय बारा-तेरा वर्षांच्या मुलांपुढे मांडायला पाठ्यपुस्तकातले दोन परिच्छेद पुरत नाहीत. तारखा पाठ होतात, पण माणसं दिसत नाहीत. म्हणून सोबत काहीतरी साहित्य वाचून घ्यायचं ठरतं आणि निवडीशी गाडी अडते. हातात फार तर सहा-आठ तास असतात, त्यामुळे एकच काहीतरी घ्यायचं आहे असं धरून लिहिते.

सुरुवात साक्षीपासून करते. साक्ष म्हणजे ज्याने भोगलं त्याने त्याच काळात लिहिलेलं. दुसऱ्या महायुद्धातल्या अ‍ॅन फ्रँक या ज्यू मुलीची रोजनिशी बहुतेकांना आधी आठवते. १२ जून १९४२ ला, तेराव्या वाढदिवसाला तिला वही मिळाली आणि ६ जुलैला कुटुंब नाझींपासून लपायला गेलं. पुढची दोन वर्षं आठ माणसं त्या जागेत कोंडून होती. सातवीच्या मुलांना यातली राजकीय नोंद लगेच भिडत नाही. भिडतं ते टेबल. खोलीत एकच लिहायचं टेबल, त्यावर दुपारी कोण बसणार यावरून अ‍ॅनचं खोलीत राहणाऱ्या मोठ्या माणसाशी वाजतं. ज्यांच्या घरी अभ्यासाच्या जागेवरून भावंडांत भांडणं होतात, ती मुलं इथे कान टवकारतात. मग विचारता येतं, की हे भांडण दार उघडून बाहेर जाऊन का मिटत नाही? तिथून इतिहास सुरू होतो.

मात्र या रोजनिशीत एक मोठा खड्डा आहे. शेवटची नोंद १ ऑगस्ट १९४४ ची, अटक ४ ऑगस्टची. नाझींच्या छळछावण्या पुस्तकात नाहीतच. माणसं मनाने चांगली असतात हा तिचा जो विचार सगळीकडे सांगितला जातो, तो १५ जुलैचा, म्हणजे अटकेच्या आधीचा. एका वर्षी परीक्षा तोंडावर आली म्हणून मी शेवटच्या नोंदीपाशी थांबले. पुढच्या वर्षी त्याच वर्गातल्या एका मुलाने विचारलं, "बाई, नंतर ती सुटली ना?" तेव्हापासून पुढचं सांगायला एक अख्खा तास राखून ठेवते. १९४५ च्या फेब्रुवारी किंवा मार्चमध्ये ती बर्गेन-बेल्सेनच्या छावणीत मेली. १५ एप्रिलला छावणी मुक्त झाली. आठांपैकी एकटे तिचे वडील वाचले. हा तास काढता येणार नसेल, तर रोजनिशी हातात घेऊ नये.

दुसरी साक्ष आपल्या भाषेतली आहे आणि फारच कमी वर्गांत वाचली जाते, याची मला खंत आहे. फुले दांपत्याच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ताबाई साळवे या चौदा वर्षांच्या मुलीचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध १८५५ मध्ये 'ज्ञानोदय' या नियतकालिकात छापून आला. घरावर छप्पर नसलेल्या बाईला बाळंतपणात थंडीवाऱ्याने काय सोसावं लागत असेल, हे ती लिहिते. ज्यांना धर्मग्रंथ वाचायचाही अधिकार नाही त्या आम्हांला धर्म तरी कोणता, असं ती थेट देवालाच विचारते. मी हे वाचून दाखवलं तेव्हा पहिल्या बाकावरची एक मुलगी बोटांवर मोजून म्हणाली, "माझ्यापेक्षा दीडच वर्षाने मोठी." वर्ग गप्प झाला. असा परिणाम मी दुसऱ्या कोणत्याही मजकुराचा पाहिलेला नाही.

अडचणी आहेत. मराठी जुनी आहे, वाक्यं लांब आहेत, आधी मोठ्याने वाचून अर्थ लावून द्यावा लागतो. जातींची नावं मजकुरात येतात आणि काही मुलांनी ती शिवीसारखी ऐकलेली असतात. वाचायच्या आधीच याबद्दल स्पष्ट बोलावं. वाचताना वर्गातल्या कोणत्याही मुलाकडे वळून पाहू नये. "तुझ्या घरी काय सांगतात?" असं तर मुळीच विचारू नये. स्वतःहून कुणी बोललं तर ऐकावं. निबंध लहान आहे, दोन-तीन तासांत नीट होतो.

आता कादंबरी. तिची ताकद उघड आहे. पुढे काय होणार या ओढीने मुलं वाचतात, एरवी पुस्तकाला हात न लावणारीसुद्धा. पण ती ओढ मुलांना कुणाच्या बाजूला नेते, हे तपासल्याशिवाय कादंबरी निवडू नये. जॉन बॉइन यांची 'द बॉय इन द स्ट्राइप्ड पजामाज' (२००६) शाळांमध्ये खूप वाचली जाते. छावणीच्या जर्मन अधिकाऱ्याचा नऊ वर्षांचा मुलगा कुंपणापलीकडच्या ज्यू मुलाशी मैत्री करतो. ऑशविट्झच्या खऱ्या नाझी छावणीत कुंपणात वीज सोडलेली होती, वर पहारा होता आणि इतक्या लहान ज्यू मुलांपैकी बहुतेकांना आल्या आल्या विषारी वायूने मारत. ऑशविट्झच्या स्मारक-संग्रहालयानेच २०२० मध्ये म्हटलं, की हा इतिहास शिकणाऱ्या-शिकवणाऱ्यांनी हे पुस्तक टाळावं. मला त्याहून जास्त खुपलं ते वर्गात. पुस्तक संपल्यावर मुलं रडली होती. मी विचारलं, कुणासाठी? सगळ्यांनी अधिकाऱ्याच्या मुलाचं नाव घेतलं. दुसऱ्या मुलाचं नाव दोघांनाच आठवलं. मी ते पुस्तक पुन्हा घेतलं नाही.

याउलट लोईस लोरी यांची 'नंबर द स्टार्स' (१९८९) घ्या. १९४३ चा डेन्मार्क, दहा वर्षांची मुलगी, तिची ज्यू मैत्रीण. त्या शरद ऋतूत तिथल्या सात हजारांहून जास्त ज्यूंना होड्यांतून स्वीडनला पोचवलं गेलं, हा कथेचा खरा पाया. गोष्टीत एक रुमाल आहे, ज्याच्या वासाने जर्मन कुत्र्यांचं नाक काही वेळ निकामी होतं. मुलांना ही थाप वाटते. शेवटी लेखिका स्वतः सांगते की सशाचं सुकवलेलं रक्त आणि कोकेन लावलेले असे रुमाल खरोखर वापरले गेले. काय खरं आणि काय रचलेलं, हे लेखकाने मागे लिहिलं आहे का? मी कादंबरीचं शेवटचं पान आधी उघडते ते एवढ्यासाठी. एक उणीव मात्र राहते. ही वाचलेल्यांची गोष्ट आहे आणि युरोपात इतरत्र बहुसंख्य वाचले नाहीत. ते शिक्षकालाच सांगावं लागतं. शिवाय अख्खी कादंबरी म्हणजे तीन आठवडे, त्याला उपाय नाही.

लघुकथा आठवीसाठी राखून ठेवावी असं माझं मत आहे. उर्दू लेखक मंटोंची 'टोबा टेक सिंह' फाळणीवरची, पण तिच्यात कत्तल नाही. दोन्ही देश वेड्यांच्या इस्पितळातल्या रुग्णांची अदलाबदल करायला निघतात आणि बिशन सिंह एकच विचारत राहतो, माझं गाव कुठल्या देशात आहे? मुलं आधी त्याच्या बडबडीला हसतात. हसू द्यावं. मग फळ्यावर दोन तारखा लिहाव्या. स्वातंत्र्य १५ ऑगस्ट १९४७ चं, सीमारेषा जाहीर झाली १७ ऑगस्टला. मधले दोन दिवस सीमेलगतच्या कित्येक गावांना आपला देश कोणता हे ठाऊक नव्हतं. म्हणजे बिशन सिंहचा प्रश्न वेडा नव्हता. सातवीत हा उपरोध निसटतो, हे मी दोनदा करून पाहिलं आहे. फाळणीवरच्या मंटोंच्या इतर कथांमधला लैंगिक हिंसाचार या वयाला देऊ नये.

चित्रकादंबरीचा पर्यायही आहे. ज्यूंच्या छळावरच्या, आर्ट स्पीगलमन यांच्या 'माउस'ला १९९२ मध्ये पुलित्झर मिळालं, तरी २०२२ मध्ये अमेरिकेतल्या टेनेसीतील एका शाळा मंडळाने शिव्या आणि नग्न चित्र ही कारणं देऊन ते आठवीच्या अभ्यासक्रमातून काढलं. ते घ्यायचं तर पालकांना आधी दाखवून घ्यावं.

दोन-तीन तासच असतील तर मुक्ताबाईंचा निबंध, दुसरा विचार नको. आठवडाभर मिळत असेल तर अ‍ॅनच्या सहा-सात नोंदी आणि तो शेवटचा तास. महिना असेल आणि वर्गाला वाचनाची सवय नसेल तर कादंबरी, पण आधी स्वतः शेवटच्या पानापर्यंत वाचून. यातलं काहीही घेतलं तरी "तुम्ही छावणीकडे जाणाऱ्या रेल्वेच्या डब्यात कोंडलेले आहात असं समजा" असला खेळ वर्गात घेऊ नये. मुलांना त्यात मजा वाटते किंवा भीती, समज वाढत नाही. त्याऐवजी वाचून झाल्यावर प्रत्येकाला कागदावर एकच प्रश्न लिहायला लावावा, नाव न घालता. पुढचा तास त्या चिठ्ठ्यांवरच सुरू करावा.