मिरजेत पेटी दुरुस्त करून घेतली

आजोबांची खर्ज-नर पेटी (जाड आणि मध्यम आवाजाच्या सुरांचे दोन संच असलेलं हार्मोनियम) माळ्यावर धूळ खात पडलेली. भात्याचं कातडं उंदरांनी कुरतडलेलं, काही पट्ट्या दाबल्या की वर यायलाच तयार नाहीत, आणि खालचा पंचम भाता हलवला की आपोआप वाजायचा. सांगलीतल्या एका दुकानदाराने न उघडताच 'नवी घ्या' सांगितलं. मग मिरजेला नेली, सतारमेकर गल्लीत.

इथल्या सतारी-तंबोऱ्यांना 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. पेटीचं काम मात्र गल्लीत सगळे करत नाहीत, विचारत विचारत जावं लागतं. मला सापडलेल्या चाचांनी आधी झाकण काढलं, मग सुरांची फळी. पट्ट्यांच्या फटींत मेणबत्तीचं मेण होतं. लाइट गेली तरी प्रार्थना चुकायची नाही, त्याचा हा पुरावा! एकेक पितळी सूर (हवेने थरथरून वाजणारी छोटी पट्टी) कानाशी धरून चाचा कानस फिरवत होते. टोकाशी घासला की सूर चढतो, बुडाशी घासला की उतरतो, हे मला तिथंच कळलं.

"ताई, देवळात कीबोर्डबरोबर वाजणार, का घरात एकटी?"

घरातच, म्हटलं. मग म्हणाले, सगळी पेटी थोडी चढी आहे पण आपापसात जुळलेली आहे, दुसऱ्या वाद्याशी जुळवायची नाही तर बिघडलेले तेवढेच सूर लावतो. हा प्रश्न विचारणारा कारागीर मिळणं, यातच माझे पैसे वसूल.

कारण ही पेटी घरचीच. आज्जी मिशन हॉस्पिटलात नर्स होती, डॉ. वान्लेस यांनी 1894 साली काढलेल्या. तिची ड्युटी सुटली की चटया पडायच्या, शेजारपाजारचे यायचे, आजोबा पेटी ओढायचे आणि ख्रिस्ती कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांची भजनं सुरू व्हायची, टाळांसकट. टिळकांनी 1917 मध्ये साताऱ्यात 'देवाचा दरबार' हा ख्रिस्तभक्तांचा मेळा सुरू केला होता. ती अभंगाच्या चालीची भक्ती आमच्याकडे इतकी मुरलेली की नाताळात घरोघर गाणी म्हणत फिरतानाही टाळ बरोबर असायचे. शास्त्रपाठ वाचायची पाळी पोरांवर यायची. बायबलमधला राजा 'नबुखद्नेस्सर' आला की माझी जीभ अडखळायची आणि आज्जी डोळे न उघडता दुरुस्त करायची. आता आमची कौटुंबिक प्रार्थना व्हॉट्सअ‍ॅपवर असते. एकजण वचन टाकतो, बाकीचे हात जोडल्याची चित्रं. पुण्यातला भाऊ तर दोन दिवसांनी 'आमेन' टाकतो.

असो. नवा भाता, कमानी (पट्ट्या वर उचलणाऱ्या स्प्रिंगा), सूर मिळून साडेचार हजार झाले. महाग नाही. आवाज भरदार झालाय, खर्ज तर फारच छान. तक्रार एकच, सांगितलेल्या तारखेला काही मिळत नाही, फोन करकरून पाठपुरावा करावा लागतो. पॉलिशचाही आग्रह होतो, नको असेल तर स्पष्ट नाही म्हणा. शुक्रवारी दुपारी जाऊ नका, नमाजाला दुकान बंद असतं. आणि नाताळात वाजवायची असेल तर पेटी दिवाळीच्या आधीच नेऊन टाका.