वस्तूंना नावं ठेवताना: डिकू की एलपी?

मडसाठी, म्हणजे अनेकांनी मिळून नुसत्या मजकुरातून खेळायच्या ऑनलाइन खेळासाठी, नवा इलाखा लिहायला घेतला की खोल्या भराभर होतात, गाडी अडते ती वस्तूंपाशी. मड ज्यांवर चालतात त्या डिकू आणि एलपी या दोन्ही प्रणालींसाठी मी लिहिलंय. आधी सर्कलमडवर, म्हणजे १९९१च्या कोपनहेगनी डिकूच्या वंशजावर, आणि मग १९८९पासूनच्या एलपीवर. बाकीची तुलना इतरांनी केलेली आहे, मी फक्त वस्तूंच्या नावांबद्दल बोलतो.

सर्कलमधे वस्तूचा मजकूर म्हणजे फाइलीतले चार तुकडे: ओळखशब्द, छोटं नाव, जमिनीवर पडलेली असताना दिसणारं वाक्य आणि बहुतेक वेळा रिकामाच राहणारा चौथा. प्रत्येकाच्या शेवटी टिल्ड (~). टिल्ड विसरलात की पुढचा मजकूर गिळला जातो, पण ती चूक माणूस एकदाच करतो. कोडचा गंध नसलेला माझा एक मित्र तासाभरात शिकला. ही सोय लहान नाही.

एलपीत वस्तू म्हणजे छोटासा प्रोग्रॅम. वर्णन फंक्शनमधून येतं, त्यामुळे मेणबत्ती जळत जाईल तसं तिचं वर्णनही बदलतं. छान वाटतं, पण खरं सांगायचं तर माझ्या चाळीसेक वस्तूंपैकी तीन-चारांनाच त्याची गरज पडली. तेवढ्यासाठी मी घर बदललं नसतं.

घर बदललं ते लाल तलवारीमुळे. खोलीत लाल तलवार पडलेली दिसते, खेळणारा साहजिकच ‘गेट रेड स्वोर्ड’ टाइप करतो आणि सर्कल उत्तर देतो की तलवार म्हणजे काही ठेवायचं भांडं नव्हे! कारण त्याच्या लेखी पहिला शब्द वस्तू आणि दुसरा शब्द ती जिच्यात आहे ती पेटी. ‘फ्रॉम’, ‘इन’, ‘द’ हे शब्द तो भरताड म्हणून आधीच गाळतो, मग ‘तलवारीतून लाल’ आणि ‘लाल तलवार’ यांत फरक उरणार कसा? ओळखशब्दांत ‘रेड’ घालून पाहिलं. मग ‘गेट रेड’ म्हटलं की शेजारची लाल शाल हातात यायची. ‘२.स्वोर्ड’ची, म्हणजे यादीतली दुसरी तलवार मागायची, युक्ती आहे, पण नवी टाकलेली वस्तू यादीत सर्वांत वर जाते, त्यामुळे कुणी आणखी एक तलवार टाकली की दोन नंबरची तीन नंबरची होते. चाचणीला बसवलेल्या प्रत्येकाला मी हे समजावून सांगत होतो. चौथ्या माणसाला सांगताना कंटाळलो.

एलपीत ‘हे तुझं नाव का?’ असं वस्तूलाच विचारलं जातं. त्याचं उत्तर देणाऱ्या आयडी फंक्शनमधे ‘स्वोर्ड’ आणि ‘रेड स्वोर्ड’ दोन्ही लिहिले की काम झालं. पेटीतून काढायचं तर ‘फ्रॉम’ म्हणावं लागतं, तसं माणसं म्हणतातच. अर्थात वर्णनात ‘पातं’ लिहून आयडीत ते विसरणारे लेखक इथेही भेटतात. त्यावर दोन्हीकडे औषध नाही.

तुमच्याकडे कोड न लिहिणारे पाच-सहा हौशी लेखक असतील तर सर्कलला मी नको म्हणणार नाही. मराठी खेळ करायचा विचार असेल तर मात्र जरा थांबा. मूळ सर्कल देवनागरी अक्षरं आत येतानाच गाळतो. फ्लफओएससारखे हल्लीचे एलपी ड्रायव्हर, म्हणजे खेळ चालवणारे मूळ प्रोग्रॅम, यूटीएफ-८ ही देवनागरीलाही सामावणारी अक्षरपद्धत समजतात, आणि ‘घोडा’सोबत ‘घोड्याला’, ‘घोड्यावर’ही आयडीतच ओळखता येतात. माझा घोडा सध्या तिथेच बांधलेला आहे.