फ्रिज उत्तम, प्लग भिकार: जोहान्सबर्ग ते नामिबिया, काही महिन्यांचा अनुभव

गाडीत ठेवायच्या या फ्रिजची चाळीस लिटर, बारा व्होल्ट वगैरे माहिती तुम्ही विकत घेण्याआधी वाचलेलीच असणार. मी लिहितेय ते प्लगबद्दल. गाडीच्या लायटर सॉकेटमध्ये खुपसायचा तो अंगठ्याएवढा प्लास्टिकचा तुकडा.

निघण्याआधीची तयारी लांबली. जुनी टोयोटा हायलक्स गाडी, मागे १०५ अँपिअर-अवरची दुसरी बॅटरी, टपावर तंबू. कर्ज फिटलेलं नाही म्हणून गाडी देशाबाहेर न्यायला बँकेचं पत्र. तोवर फ्रिज घरीच चालवला. आवाज जवळजवळ नाही, दूध सकाळी गार. नवऱ्याला हा खर्च डोळ्यांत खुपत होता, तोही गप्प झाला.

बोट्सवानातून ट्रान्स-कलहारी मार्गाने विंडहुक, साधारण १४०० किलोमीटर, सगळं डांबर. सीमेवर कच्चं मांस आणि दूध अडवतात, त्यामुळे फ्रिजमध्ये फक्त पाणी, बिअर आणि लोणचं. इथवर मी पाच तारे देणार होते.

विंडहुकला चिकन, दही, पनीर भरलं. मग खडीचे रस्ते. सॉलिटेअर ते सेस्रिएम हा सी-१९ म्हणजे आडव्या लाटाच लाटा. टायरची हवा १.८ बारवर आणली. आमच्या मणक्यांना आराम पडला, प्लगला नाही. तो हादऱ्यांनी जरासाच मागे सरकतो. बाहेर पडत नाही, म्हणून कळतही नाही. सॉलिटेअरला अ‍ॅपल पाय चापून आलो होतो, रात्री कुणी झाकण उघडलं नाही. पहाटे सॉसुसव्लेईच्या वाळूच्या टेकड्या गाठायच्या म्हणून अंधारातच निघालो. दुपारी परत येऊन बघते तर काटा २६ अंशांवर, पनीर चिकट, चिकनच्या पिशवीला वास. सगळं फेकलं. त्या वाळवंटात पनीर परत कुठून आणायचं?

फ्रिज कंपनीच्या सर्व्हिसवाल्यांना फोन लावला. उत्तर: हादऱ्यांमुळे झालेला बिघाड वॉरंटीत बसत नाही. अहो, खोक्यावर वाळूच्या टेकडीवर चढणाऱ्या गाडीचं चित्र तुम्हीच छापलंय ना? ईमेलवर फोटो मागितले, पाठवले, मग बिल मागितलं, तेही पाठवलं. मग शांतता.

आता मत बदलावं लागतंय. स्वाकोपमुंडला एका ऑटो इलेक्ट्रिशियनने मल्टिमीटर लावला. बॅटरीवर १२.५ व्होल्ट, फ्रिजच्या टोकाला ११.७. म्हणजे प्लग ढिला, वर वायरही केसासारखी बारीक. प्लग घट्ट असतानाही कॉम्प्रेसर मधूनच बंद पडायचा, तो यामुळे. त्याने बॅटरीपासून थेट सहा चौरस मिलिमीटरची वायर ओढली, मध्ये फ्यूज, टोकाला अँडरसन कनेक्टर, म्हणजे हादऱ्यांनी न सुटणारा घट्ट जोड. फ्रिजच्या किमतीपुढे तो खर्च म्हणजे चिल्लर. दुकानातच हे लावून का देत नाहीत?

त्यानंतर दामारालँड, एटोशा, ऊन चाळिशीकडे, रस्ते तितकेच वाईट. काटा चार अंशांवरून हलला नाही. एटोशाहून दक्षिणेला येताना पशुवैद्यकीय कुंपणाच्या (जनावरांचे रोग दक्षिणेत पसरू नयेत म्हणून घातलेल्या) नाक्यावरून कच्चं मांस नेता येत नाही, म्हणून आदल्या रात्री उरलेलं चिकन रस्सा करून संपवलं. फ्रिजची तक्रार नव्हती.

तर चार तारे. एक कापला तो प्लगचा. दुसरा कापणार होते, पण कॉम्प्रेसरने वाचवला. घेणार असाल तर दुकानातच अँडरसन लावून मागा, आणि त्याचे पैसे किमतीतून कमी करायला लावा. ईमेलला उत्तर अजून आलेलं नाही. आलं तर इथेच खाली लिहीन.